तसाच म्हणजे तोच नव्हे

रिद्धपूरचं नाव निघालं की आपण एकच वाक्य म्हणतो: मराठीतला आद्य गद्यग्रंथ इथला. अमरावती जिल्ह्यातल्या या गावात आता मराठी भाषा विद्यापीठही आहे. उत्तम. पण ‘लीळाचरित्रा’ची भाषा आपण डोक्यावर घेतली आणि त्यामागचं तत्त्वज्ञान वेशीबाहेर ठेवलं, ही माझी तक्रार आहे.

कारण ते आपल्या लाडक्या वाक्याला आडवं येतं: ‘शेवटी सगळं एकच.’

महानुभाव म्हणतात, नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि एकमेकांहून वेगळे. जीव अनंत. मोक्षातही जीव परमेश्वर होत नाही. त्याचा आनंद भोगतो, पण जीवच राहतो.

मग कर्म झडून गेलेल्या दोन मुक्त जीवांत फरक कशाने? प्रश्न जुनाच आहे. वैशेषिकांनी त्यासाठी ‘विशेष’ हा स्वतंत्र पदार्थच मानला: प्रत्येक परमाणूला, प्रत्येक आत्म्याला त्याचा त्याचा. पुढे रघुनाथ शिरोमणीने तो मोडीत काढला. विशेष स्वतःच्या बळावर वेगळा राहू शकतो, तर परमाणूच का नाही? तिकडे युरोपात डन्स स्कॉटस (मृत्यू १३०८) वस्तूचा ‘हेपणा’ शोधत होता. म्हाइंभट रिद्धपुरात लीळा जमवत होते तेव्हा तो पोरसवदा होता.

हा शब्दांचा कीस नाही. मी प्रोग्रामिंग करतो. दोन ऑब्जेक्टमधली सगळी माहिती जुळली तरी ते दोनच असतात. ‘तसाच’ आणि ‘तोच’ यांची गल्लत केली की प्रोग्राम एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर टाकतो. समाजही तेच करतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो: एकत्व नाकारलं तर समता कुठून आणणार? इतिहास पाहा. ‘सर्वांभूती एकच आत्मा’ म्हणणाऱ्या घरांत शतकानुशतकं पाण्याचं भांडं वेगळं होतं. उलट, भेद नित्य मानणाऱ्या चक्रधरांनी विटाळ मानला नाही, स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला आणि महदाइसेच्या प्रश्नांना उत्तरं दिली. समोरचा माझ्याहून वेगळा आहे, म्हणूनच त्याला विचारावं लागतं. तो मीच असेन, तर विचारायचं कशाला?

अद्वैत टाकून द्या, असं मी म्हणत नाही. पण तेवढंच मराठी मन, हा दावा खोटा आहे. रिद्धपूरला भाषेचं माहेर म्हणायचं असेल, तर माहेरचं म्हणणंही ऐकून घ्या.