हुज्जत वेगळी, हक्क वेगळा

पुण्याहून किंवा नागपूरहून बदली होऊन कुणी दिल्लीत आला, गाडीही इथे आणली आणि तिच्यावर एमएचची पाटी असली, की पहिल्या महिन्यातच त्याला दोन सल्ले मिळतात. पहिला वडीलधाऱ्यांचा. करोलबागेत चाळीस वर्षं काढलेले काका सांगतात, "हे बघ, इथल्या पोलिसाशी शब्दाने शब्द वाढवायचा नाही. हात जोडायचे, 'गलती हो गई सरजी' म्हणायचं, दोनशे-पाचशे काय ते हातावर ठेवायचे आणि निघायचं." दुसरा सल्ला त्याच घरातल्या पुतण्याचा. त्याने मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ पाहिलेले असतात. "काच खाली घ्यायचीच नाही, दादा. आधी त्याची रँक विचारायची. हवालदाराला लायसन मागायचा अधिकारच नाही. कॅमेरा चालू करून सरळ त्याच्या तोंडासमोर धरायचा."

काका आणि पुतण्या, दोघंही माझ्या जवळची माणसं. तरी दोघांचंही म्हणणं मला खोडून काढायचं आहे. पहिल्या सल्ल्याने माणूस मिंधा होतो, दुसऱ्याने तो रात्र ठाण्यात काढतो.

पुतण्याचं आधी घेतो. 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 130 त्याने एकदा उघडून वाचावं. सार्वजनिक जागी गणवेशातल्या कुठल्याही पोलिसाने मागितलं की चालकाने लायसन दाखवायचं, असं ते कलम सांगतं. 'कुठल्याही' हा शब्द तिथे आहे. खांद्यावरचे तारे मोजायची सोय त्यात ठेवलेली नाही. मग हवालदाराला अधिकार नाही ही समजूत आली कुठून? जागेवर दंड घेऊन प्रकरण मिटवण्याचा, म्हणजे तडजोडीचा अधिकार कलम 200नुसार राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांनाच असतो. हे खरं आहे. कागद बघणं एक आणि पैसे घेणं दुसरं, या दोन गोष्टींची व्हिडिओवाल्यांनी सरमिसळ केली आणि आमच्या पोराने ती वेदवाक्य म्हणून उचलली. कायदेशीर हुकूम धुडकावला तर कलम 179 आहे. 2019पासून त्याचा दंड 500 रुपयांवरून 2,000वर गेला आहे. धक्काबुक्की झाली तर प्रकरण मोटार वाहन कायद्यात राहतच नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम 132मध्ये जातं. सरकारी सेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळ वापरण्याचा तो गुन्हा आहे.

चित्रीकरणाबद्दल मात्र पुतण्याची बाजू अर्धी बरोबर आहे. उघड्या रस्त्यावर ड्यूटीवरच्या पोलिसाचं चित्रीकरण करू नये, असं सांगणारा कायदा मला कुठे सापडलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर 2022 मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की पोलीस ठाणं हेसुद्धा शासकीय गुपिते कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. ठाण्यात ही स्थिती असेल तर चौकात भीती कसली? पण फोन डॅशबोर्डवर लावून ठेवणं आणि तो माणसाच्या नाकाला टेकवून "बोल, बोल, तुझं नाव सांग" असं ओरडणं, यात फरक आहे. पहिल्यातून पुरावा मिळतो. दुसऱ्यातून मारामारी सुरू होते, आणि मग तोच व्हिडिओ तुमच्याविरुद्ध वाचला जातो.

काच न उतरवता गाडी पुढे दामटणाऱ्यांचं काय होतं, तेही या शहराने पाहिलं आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये धौला कुआँजवळ थांबवलेल्या गाडीने वाहतूक पोलिसालाच बॉनेटवर घेऊन रस्त्यावरून फरफटत नेलं. नोव्हेंबर 2024 मध्ये बेर सरायला तसंच, आणि त्या वेळी बॉनेटवर दोन पोलीस होते. दिवसभर धुरात उभं राहून संध्याकाळी घरी जायची वाट बघणारी ती माणसं होती. त्यांचा जीव टांगणीला लावणाऱ्याने 'हक्क' हा शब्द तोंडीसुद्धा घेऊ नये.

आता काकांकडे. त्यांच्या सल्ल्याला आपल्याकडे शहाणपण म्हणतात आणि खरा त्रास मला तिथेच होतो. दोनशे रुपये हातावर ठेवणं ही काकांना व्यवहारी गोष्ट वाटते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही सरळ गुन्हेगार आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. सूट फक्त त्याला, ज्याच्याकडून ती जबरदस्तीने घेतली गेली आणि ज्याने सात दिवसांत तक्रार केली. काकांनी चाळीस वर्षांत अशी तक्रार एकदाही केलेली नाही. "एवढ्याशा पैशासाठी कोण जातंय," ते म्हणतात. सिग्नल तोडला असेल तर त्याचा दंड सरकारी तिजोरीत जायला हवा, आणि तोडला नसेल तर एक रुपयाही जायला नको. काकांच्या हिशोबात या दोन्ही शक्यतांची किंमत सारखीच, दोनशे रुपये. चूक होती की नव्हती, हा प्रश्नच त्या नोटेने पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा तोच सिग्नल तोडतील, कारण त्यांना दर माहीत झाला आहे. आणि तो पोलीस पुन्हा तिथेच उभा राहील, कारण त्यालाही दर माहीत झाला आहे.

काकांच्याच सल्ल्याचं सुटाबुटातलं रूप म्हणजे "जानता नहीं मैं कौन हूँ." दिल्लीत हे वाक्य ऐकलं नाही असा चौक नसेल. फोन लावायचा आणि 'साहेबांशी बोला' म्हणून पोलिसाच्या हातात द्यायचा. हीही लाचच, फक्त ती ओळखीच्या नाण्यात दिलेली. 1982 मध्ये याच शहरात कनॉट प्लेसला चुकीच्या जागी उभी केलेली एक गाडी वाहतूक पोलिसांनी उचलली. गाडी पंतप्रधानांच्या निवासस्थानाची होती आणि कारवाई करणारे होते उपनिरीक्षक निर्मल सिंग. वाहतुकीच्या उपायुक्त किरण बेदी त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्या दिवसाची आठवण मला महत्त्वाची वाटते, कारण समोरच्याचं नाव न विचारता कायदा चालू शकतो हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

आणखी एक पूर्वपक्ष आहे. तो पोलिसांचा, आणि त्याला मी आदराने उत्तर देऊ इच्छितो. ते म्हणतात, देशात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. आम्ही नोव्हेंबरच्या विषारी हवेत आणि मेच्या उन्हात आठ-आठ तास उभे राहतो. दारू पिऊन येणारा, उलट्या बाजूने येणारा, तीन पोरं एका स्कूटरवर घेऊन येणारा आम्हालाच आवरायचा असतो. अशा वेळी तुम्ही कलमं कसली वाचून दाखवता?

त्यांचा पहिला भाग अक्षरशः खरा आहे. दुसरा मान्य नाही. 130, 203, 206, 207 ही कलमं पोलिसांच्या हातातली आयुधं आहेत, आणि आयुधाला मूठ असते तशी मर्यादाही असते. दारूचा वाजवी संशय असेल तर श्वासाची चाचणी घेता येते. विनापरवाना, विनानोंदणी गाडी अडकवून ठेवता येते. लायसन जप्त केलं तर त्याची पोच द्यावीच लागते. कुणाची कॉलर धरायचा अधिकार यातल्या एकाही कलमात नाही. जून 2019 मध्ये मुखर्जीनगरला पोलिसांच्या गाडीला टेम्पो घासल्यावरून वाद पेटला, चालकाने शस्त्र उपसलं आणि पोलिसांनी त्याला व त्याच्या अल्पवयीन मुलाला भर रस्त्यात झोडपलं. शस्त्र उपसणं अक्षम्य होतं. पण मुलाला मारलं कशासाठी? दिल्ली उच्च न्यायालयाने त्याबद्दल पोलिसांना खडे बोल सुनावले. ताण कितीही असो, तो काठीतून उतरवायची परवानगी कुणालाच नाही. आणि कायद्याने पोलिसांना वेगळी मोजपट्टी लावलीच आहे, ती जास्त कडक. 2019च्या दुरुस्तीतलं कलम 210ब म्हणतं की अंमलबजावणी करणाऱ्याने हाच नियम मोडला तर त्याला दुप्पट दंड. नागपूरच्या नितीन गडकरींनी संसदेत नेलेल्या त्या दुरुस्तीबद्दल दंडाच्या आकड्यांवरून एवढा गदारोळ झाला, पण हे कलम फार थोड्यांच्या लक्षात राहिलं.

गदारोळ का झाला, तेही समजून घ्यायला हवं. 1 सप्टेंबर 2019ला नवे दंड लागू झाले आणि पहिल्याच आठवड्यात गुरुग्राममध्ये एका स्कूटरस्वाराला 23,000 रुपयांचं चलान झालं. हेल्मेट, लायसन, आरसी, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र यांतलं काहीच जवळ नव्हतं. कागद घरी आहेत, असं त्याचं म्हणणं. आज डिजिलॉकरमधले कागद मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत, आणि ऑक्टोबर 2020पासूनचा नियम सांगतो की ते पडताळता आले तर छापील प्रत मागायची नाही. तरी "ओरिजिनल दिखाओ" हे वाक्य मी नंतरही ऐकलं आहे. अशा वेळी काकांसारखं गयावया करायचं नाही, पुतण्यासारखं ओरडायचंही नाही. फोन पुढे करून "सर, डिजिलॉकर में है, चेक कर लीजिए" एवढं म्हणायचं. एमएचच्या पाटीवरून अडवलं तरी असंच. कलम 47 बारा महिन्यांची मुदत देतं. ती संपली नसेल तर गुन्हा नाही. संपली असेल तर मात्र चूक आपली, तिथे मराठी अस्मिता मध्ये आणू नये.

मला स्वतःला हे सोपं गेलेलं नाही. जानेवारीची रात्र, धुकं इतकं की पुढच्या गाडीचे लाल दिवेही विरघळलेले. लग्नाहून परतत होतो. एनसीआरमधल्या एका नाक्यावर बॅरिकेडपाशी हात दाखवला गेला, मी गाडी बाजूला घेतली, काच उतरवली. काही बोलायच्या आत एका शिपायाचा हात खिडकीतून आत आला आणि त्याने किल्ली फिरवून काढून घेतली. लोकरी मोज्यातला तो हात मला अजून दिसतो. मोजा अंगठ्यापाशी फाटलेला होता. माझ्या कानशिलाशी रक्त चढलं. मोटार वाहन कायद्यात किल्ली काढून घेण्याचा अधिकार कुठे लिहिलेला नाही, हे मला माहीत होतं आणि ते मोठ्याने सांगायची ऊर्मीही आली होती. मी गाडीतला दिवा लावला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि म्हणालो, "सर, चाबी वापस दे दीजिए. मैं कहीं नहीं जा रहा, कागज़ दिखा रहा हूँ." पुन्हा एकदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत त्यांचे साहेब आले, त्यांनी शिपायाकडे नुसतं पाहिलं, आणि किल्ली परत आली.

मग साहेबांनी मागच्या सीटवर बॅटरी मारली. सासूबाईंनी पट्टा लावलेला नव्हता. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, त्यानंतर मागच्या पट्ट्याची तपासणी दिल्लीतही सुरू झाली, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी गाडी सुरू करताना मागे वळून पाहिलं नव्हतं. हजार रुपयांचं ई-चलान झालं. मी ते भरलं. किल्लीबद्दलचा माझा राग रास्त होता आणि ते चलानही रास्त होतं. एकाने दुसरं फिटत नाही. माझ्या मंडनाचा गाभा हाच आहे. माझी चूक झाली म्हणून माझा हक्क संपत नाही, आणि पोलिसाची चूक झाली म्हणून माझं चलान माफ होत नाही.

म्हणून मी म्हणतो, थांबायचं लगेच आणि भांडायचं नंतर. चौक हे न्यायालय नाही. चलान मान्य नसेल तर ते लढवायचा पर्याय आहे. जुलै 2019 मध्ये तीस हजारीला वाहतुकीच्या चलानांसाठी व्हर्च्युअल कोर्ट सुरू झालं, वेळोवेळी लोकअदालती भरतात. दिल्लीत 1095 ही वाहतूक पोलिसांची हेल्पलाइन आहे. तक्रार करताना गणवेशावरच्या पट्टीवरचं नाव, वेळ आणि जागा एवढं सांगता आलं तरी पुष्कळ. मात्र सरकारनेही एक मान्य करावं. माझ्यासारखा नोकरदार लोकअदालतीचं टोकन काढू शकतो. ज्याची गाडी हेच पोट आहे त्याला कोर्टाचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची चूल. नियमांत बॉडी कॅमेऱ्याचा उल्लेख 2021पासून आहे. तो प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक वेळी चालू असायला हवा, पोलिसाच्या बचावासाठी आणि चालकाच्याही. बॅरिकेडवर जाहिराती लावायला जागा असते. तिथे चालकाने काय दाखवायचं आणि पोलिसाने काय द्यायचं, एवढं हिंदीत लिहिता येईल.

मी हे लिहायला बसलो ते आझादपूर मंडीत भेटलेल्या एका ट्रकचालकामुळे. निफाडचा माणूस, एमएच-15ची गाडी, द्राक्षं उतरवून चहा पीत होता. त्याच्या वहीत डिझेल, टोल, हमाली यांच्या खाली 'एंट्री' असा एक रकाना होता आणि त्यापुढे रकमा. "मालक भाड्यातच धरून देतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रारही नव्हती. मी विचारलं, पावती मागितली तर? तो म्हणाला, "दादा, मागायची कशी? आपली हिंदी ही अशी. मागताना तोंडातून काही वाकडं गेलं तर गाडी दिवसभर उभी, आणि माल नासला की मालक मला धरणार."

त्याने वहीचं मागचं पान काढून पेन माझ्या हातात दिलं. मी लिहून दिलं, "साहब, चलान काट दीजिए, रसीद दे दीजिए." त्याने ते दोनदा वाचलं, मग 'दीजिए'वर बोट ठेवून म्हणाला, हे बरोबर म्हणतोय ना मी? टपरीच्या बाकावर बसून आम्ही ते वाक्य चार-पाच वेळा म्हणून पाहिलं, आवाज न चढवता.