इशारा मिळाला होता

एखादा निर्णय अंगाशी आला की ‘पँडोराची पेटी उघडली’ असे म्हणण्याची आपल्याकडेही रीत पडली आहे. त्यात एक मोठी सोय आहे. आत काय दडले होते हे कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणजे दोषी कुणीच नाही! मूळ ग्रीक कथा मात्र ही पळवाट ठेवत नाही. झ्यूसकडून आलेली भेट घेऊ नकोस, असे प्रॉमिथिअसने आपल्या भावाला आधीच बजावले होते, असे ग्रीक कवी हेसिअड सांगतो. भावाने ते कानाआड केले आणि भेट म्हणून आलेल्या पँडोराला घरात घेतले. (खापर पुढे बाईच्याच डोक्यावर फुटले, हे ओघानेच आले.)

शिसेयुक्त पेट्रोलची कथा अशीच आहे. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत १९२१मध्ये टॉमस मिजलीला आढळले की, पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड किंचित मिसळले तर इंजिनाची ठकठक थांबते. शिसे विषारी आहे हे माणसाला शतकानुशतके माहीत होते. बाजारात आणताना नाव ठेवले नुसते ‘एथिल’. शिशाचा उल्लेख गाळला. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे या द्रव्याच्या विषबाधेने कामगारांना भ्रम होऊ लागले, पाच जण दगावले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि हुंगूनही दाखवले. याच गृहस्थाला १९२३मध्ये शिशाची बाधा होऊन विश्रांती घ्यावी लागली होती. १९२५मध्ये येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी सांगितले की, हे विष हळूहळू भिनेल आणि लोकांना जाग येईपर्यंत ते सर्वत्र पसरलेले असेल. त्याच वर्षी या इंधनावर वॉशिंग्टनमध्ये झालेल्या परिषदेत उद्योगाचे प्रतिनिधी फ्रँक हॉवर्ड यांनी त्याच द्रव्याला देवाची देणगी म्हटले. सरकारी समितीने बंदी टाळली आणि पुढे अभ्यास व्हावा एवढे सुचवले. तो अभ्यास पुढची कित्येक वर्षे मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर चालला.

यावर कुणी म्हणेल, मागे वळून पाहताना सगळेच स्वच्छ दिसते. प्रत्येक इशाऱ्याला भ्यायलो असतो तर लसही आली नसती. मुद्दा रास्त आहे. लसीविरुद्धही आरडाओरडा झालाच होता आणि तो चुकीचा ठरला. पण लसीला पर्याय होता तो रोगाचा. इथे अल्कोहोल मिसळूनही ठकठक थांबते हे त्या संशोधकांना ठाऊक होते. फक्त त्यावर पेटंटची मक्तेदारी मिळण्याजोगी नव्हती. म्हणून इशारा देणारा किती मोठ्याने बोलतो यापेक्षा, दुसरा मार्ग होता का आणि चौकशी कुणाच्या खर्चाने झाली, हे आधी विचारायला हवे.

खरोखर अनपेक्षित संकट कसे असते, हेही मिजलीच्याच खात्यावर पाहायला मिळते. त्याने १९२८मध्ये फ्रिजसाठी क्लोरोफ्लुरोकार्बन पुढे आणले. ते विषारी नाही, पेट घेत नाही. ओझोनच्या थराचे काय होईल हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचणेही शक्य नव्हते. तो धोका १९७४मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवला. कंपन्यांनी खळखळ केलीच, तरीही तेरा वर्षांत, १९८७मध्ये, त्याला आळा घालणारा माँट्रियल करार झाला. उलट शिशाचा धोका पहिल्या दिवसापासून समोर असूनही अमेरिकेतील रस्त्यांवरून शिसेयुक्त पेट्रोल पूर्णपणे जायला १९९६ उजाडले, भारतात २००० साल लागले आणि अल्जेरियातील शेवटच्या पंपावरून ते २०२१मध्ये हटले. ज्याची कल्पना नव्हती ते लवकर आवरता आले; जे माहीत होते ते शतकभर चालू राहिले, कारण त्यावर पैसा मिळत होता. शिशाच्या धुराला पँडोराची पेटी म्हणणे म्हणजे त्या कमाईला निष्पाप ठरवणे होय. लहान पिस्टन इंजिनांच्या अनेक विमानांत शिसेयुक्त इंधन आजही जळते.