आकडा, हुक-अप आणि तिसरी पिन

‘आकडा’ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. रस्त्यावरच्या खांबावरून गेलेल्या उघड्या तारेवर वाकवलेली वायर टाकायची आणि तिच्यावर लग्नाचा मांडव, सप्त्याचा लाऊडस्पीकर किंवा मळ्यातला पंप चालवायचा, हा आपल्याकडचा जुना उद्योग. त्यामुळे ‘इलेक्ट्रिक हुक-अप’ हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले, तेव्हा मला आकडाच आठवला. ‘हुक’ म्हणजे आकडाच की! पण २०२३ च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये लेकीकडे गेलो असताना हा तिकडचा आकडा प्रत्यक्ष पाहिला आणि दोन आकड्यांमधले अंतर किती मोठे आहे, ते कळले.

लेक-जावयाने आम्हा दोघांसाठी चार दिवसांची सहल आखली होती. हॉटेल नाही, नातेवाईक नाहीत. भाड्याची मोटरहोम घ्यायची आणि लेक डिस्ट्रिक्टच्या तळ्याकाठी मुक्काम करायचा. मोटरहोम म्हणजे चाकांवरचा एक खोलीचा संसार. गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, घडीचे पलंग, मोरी, सगळे त्यात. कॅराव्हॅन म्हणजे तसाच संसार, पण मोटारीमागे ओढून न्यायचा. इंग्रजांना या बिऱ्हाडाचे वेड फार जुने. नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ‘द वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची कॅराव्हॅन बांधून घेतली आणि तिच्यातून देश पालथा घातला. कॅराव्हॅनवाल्यांचा क्लब १९०७ पासून आहे. अशा गाड्यांसाठी गावोगावी आखलेले तळ असतात. प्रत्येक गाडीला ठरलेली जागा आणि तिच्याजवळ कंबरेइतक्या उंचीचा एक खांब. त्या खांबावर झाकणाचे निळे सॉकेट. गाडीतून आणलेली केबल त्यात खोचायची, की गाडीत दिवे लागतात. हाच तो हुक-अप.

आम्ही पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि पाऊस रिपरिपत होता. खांब गाडीपासून पाच-सहा पावलांवर. केबल मात्र पंचवीस मीटरची. जावईबापूंनी लागली तेवढी सोडली आणि उरलेले वेटोळे तसेच घट्ट बांधून गाडीखाली सारले. आपणही हेच केले असते. गाडीत गारठा होता म्हणून हीटर लावला. सौभाग्यवतींना चहाची तल्लफ आली म्हणून लेकीने घरून आणलेली विजेची किटली लावली, आणि क्षणात सगळा अंधार. खांबावरचा स्विच पडला होता. जावईबापू भिजत गेले आणि तो वर करून आले. किटली बंद ठेवली, हीटर चालू राहिला.

अर्ध्या तासाने दारावर टकटक झाली. शेजारच्या कॅराव्हॅनमधले सत्तरीचे गृहस्थ रेनकोट घालून उभे होते. त्यांनी क्षमा मागत विचारले, “तुमची केबल गुंडाळलेली दिसते. जरा हात लावून पाहता का?” जावईबापूंनी हात लावला. वेटोळे तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या पोळीसारखे गरम झाले होते. त्यावरच आम्ही पाच जण, त्यात सात वर्षांचा नातू, रात्रभर झोपणार होतो.

वीज वाहू लागली की प्रत्येक तार थोडीफार तापतेच. सुटी पसरलेली केबल ती ऊब हवेत सोडून देते. वेटोळ्यात मात्र आतल्या फेऱ्यांची ऊब बाहेर पडायला वाट नसते. ती साठत जाते, वरचे प्लॅस्टिक मऊ पडते आणि शेवटी तारेला तार भिडते. म्हणून केबल कितीही लांब असो, ती पूर्ण उलगडायची आणि उरलेली गाडीखाली सैल, नागमोडी पसरून ठेवायची. नियम एवढाच. जावईबापू इंजिनिअर आहेत, त्यांना तो ठाऊक नव्हता असे नाही. पावसात त्यांना कंटाळा आला. विजेचे बहुतेक अपघात अज्ञानापेक्षा कंटाळ्यातून होतात, असे माझे मत आहे.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले, तेव्हा त्या आजोबांनी आमची शिकवणीच घेतली. पहिला धडा हिशेबाचा. आमच्या खांबावर दहा अँपिअर मिळत होते. २३० व्होल्टला दहा अँपिअर म्हणजे २३०० वॉट. हीटरचे एक हजार आणि घरगुती किटलीचे दोन हजार मिळून झाले तीन हजार. मग स्विच पडणार नाही तर काय होईल? युरोपात अनेक तळांवर सहाच अँपिअर मिळतात, म्हणजे १३८० वॉट. तेथे या जाणकार मंडळींच्या घरात कमी वॉटची किटली असते आणि चहा होईपर्यंत हीटर बंद असतो. पडलेला स्विच काही बिघडलेला नसतो. तो ‘ओझे कमी करा’ असे सांगत असतो.

दुसरा धडा क्रमाचा. जोडताना गाडीतला मेन स्विच बंद करायचा, केबल आधी गाडीला जोडायची आणि मग खांबाला. काढताना उलट: उपकरणे बंद, मेन बंद, मग आधी खांबाकडचे टोक आणि शेवटी गाडीकडचे. कारण साधे आहे. खांबाला आधी जोडली, तर हातातले मोकळे टोक जिवंत असते, आणि पायाखाली ओले गवत.

तिसरा धडा सर्वांत मोलाचा. त्यांनी नातवाला गाडीतल्या विजेच्या पेटीपाशी नेले, ‘टी’ अक्षराचे छोटे बटण दाखवले आणि म्हणाले, “दाब.” नातवाने दाबले. खट्‌ आवाज झाला आणि वीज गेली. तो घाबरला. आजोबा म्हणाले, “शाब्बास. गेली म्हणजे पहारेकरी जागा आहे.”

हा पहारेकरी म्हणजे आपले वायरमन ज्याला ‘आरसीसीबी’ म्हणतात तो. साधा फ्यूज किंवा एमसीबी तारेला जपतो, माणसाला नव्हे. सोळा अँपिअरचा फ्यूज उडायला सोळा अँपिअरहून जास्त वीज वाहावी लागते. माणसाचे स्नायू आखडून हात तारेला चिकटायला एका अँपिअरचा शंभरावा भागही पुरतो आणि त्याच्या काही पट वीज छातीतून गेली तर हृदय थांबू शकते. माणूस मरतो, फ्यूज शाबूत राहतो. आरसीसीबी वेगळा हिशेब ठेवतो. एका तारेने जितकी वीज गेली तितकीच दुसरीने परत आली का, एवढेच तो सतत पाहतो. तीस मिलिअँपिअरची तूट दिसली, म्हणजे कोणाच्या तरी अंगातून किंवा गाडीच्या पत्र्यातून वीज जमिनीत चालली आहे, असे समजून तो क्षणार्धात सगळे बंद करतो. इंग्लंडमधल्या तळावर प्रत्येक सॉकेटला असा पहारेकरी असावा, असा तिकडच्या वायरिंगच्या नियमावलीचा दंडक आहे. शिवाय गाडीत दुसरा असतो. अर्थिंग नीट असेल, तर पत्र्यात वीज उतरताच, कोणी हात लावण्यापूर्वीच तो काम करतो. मात्र हा काही देव नाही. दोन्ही तारा एकदम दोन हातांत धरल्या, तर त्याच्या हिशेबात तूट येत नाही आणि तो गप्प राहतो.

कॅराव्हॅनला एवढी काळजी का? तर तिचे अंग बहुधा पत्र्याचे, पाय रबराच्या चाकांवर आणि आत-बाहेर करणारा माणूस ओल्या जमिनीवर अनवाणी. पत्र्यात वीज आली, तर आत बसलेल्याला पत्ता लागत नाही. दाराची मूठ धरून जमिनीवर पाय टेकणारा मरतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये, ज्या पुरवठ्यात न्यूट्रल आणि अर्थ एकाच तारेने येतात, तो अर्थ कॅराव्हॅनच्या पत्र्याला जोडायला २००२ च्या नियमांनी मनाई केली आहे. रस्त्यातली ती एक तार तुटली, तर गाडीचे सारे अंगच जिवंत होईल. त्याऐवजी तळावर जमिनीत स्वतंत्र अर्थ पुरतात.

हे ऐकताना माझे लक्ष तळ्याकडे नव्हते. मी १९७९ सालच्या मे महिन्यात, कोकणातल्या आमच्या गावच्या घरापुढच्या अंगणात पोहोचलो होतो. चुलतबहिणीचे लग्न दुसऱ्या दिवशी होते. लोखंडी खांब, वर पत्रे, खांबांना बांधलेल्या ट्यूबलाइट आणि त्या साऱ्याला वीज आकड्याची. दुपारी वळीव कोसळून गेला. अंगणात चिखल झाला म्हणून माझा थोरला चुलतभाऊ, आम्हा सर्वांचा दादा, अनवाणी पायांनी घमेल्यातून माती टाकत होता. घसरला म्हणून त्याने आधाराला खांब धरला. पत्र्याच्या धारेने वायर कापली गेली होती. त्याचा हात सुटला नाही. दादा बावीस वर्षांचा होता. त्या मांडवात अक्षता पडल्याच नाहीत.

तेराव्याला आलेला जो तो म्हणत होता, “त्याची वेळ आली होती.” काकू मरेपर्यंत तेच म्हणत राहिली. मीही कित्येक वर्षे तेच म्हणत आलो. त्या तळ्याकाठी, एका परक्या म्हाताऱ्याचे बोट त्या इवल्या बटणावर पाहताना, मला प्रथमच मनापासून वाटले, की वेळबीळ काही नव्हती. कापलेली वायर होती, अर्थिंग नव्हते आणि पहारेकरी नव्हता. त्या काळी आमच्या खेड्यात असे यंत्र कोणी पाहिले नव्हते, हे मान्य. पण आज?

आज ते यंत्र तालुक्याच्या दुकानात दोन-तीन हजारांत मिळते. आणि तरीही आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात, असे सरकारी गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल सांगतात. त्या प्रत्येकाची ‘वेळ’ आली होती काय?

काही वाचक म्हणतील, आमच्याकडे कुठे कॅराव्हॅन? त्यांना सांगायचे ते असे, की ती येते आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, केरळनेही त्याच वर्षी. सह्याद्रीचे घाट आणि कोकणचा किनारा यांच्यासाठी हा प्रकार मला उत्तमच वाटतो. पण चर्चा होते ती गाडीच्या गाद्यांची आणि एसीची. माझ्या मते कॅराव्हॅन पर्यटनाची खरी कसोटी कंबरेइतक्या उंचीचा तो खांब आहे. त्यावर झाकणाचे पावसाळी सॉकेट, प्रत्येकाला वेगळा आरसीसीबी आणि जमिनीत जिवंत अर्थिंग असल्याशिवाय कोणत्याही जागेला ‘तळ’ म्हणू नये आणि परवाना देऊ नये. कोकणातल्या पावसात याहून कमी चालणार नाही. नाहीतर काय होईल, ते आपण जाणतो. ढाब्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर येईल, तिला मधे चिकटपट्टीचा जोड असेल, आणि सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून प्लगची तिसरी पिन कापलेली असेल.

त्या तिसऱ्या पिनेविषयी दोन शब्द. आपला गोल पिनांचा थ्री-पिन प्लग मूळचा इंग्रजांचाच. त्यातली वरची पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते, ती उगाच नव्हे. प्लग खोचताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा, म्हणून. घरातली थोरली जशी सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या मागून निजते, तशी ती. तिलाच आपण पक्कड लावून कापतो आणि वर त्याला ‘जुगाड’ म्हणून कौतुकाने मिरवतो.

आणि कॅराव्हॅन कधीच घ्यायची नसली, तरी हे धडे आपलेच आहेत. गणपतीचा मांडव म्हणजे तरी काय? लोखंडी सांगाडा, ओली जमीन, तात्पुरती वायर आणि अनवाणी माणसे. महावितरण दरवर्षी मंडळांना अधिकृत तात्पुरती जोडणी घेण्याची विनंती करते. ती घ्यावी, आणि वर्गणीच्या हिशेबात रोषणाईच्या आधी आरसीसीबीची ओळ लिहावी. गच्चीवरच्या पंपाची, इस्त्रीवाल्याच्या टपरीची, दिवाळीच्या माळांची गोष्ट तीच. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची जुनी पद्धत अनेक सोसायट्या विसरल्या आहेत. तो खड्डा कोठे आहे, हे सेक्रेटरींना तरी ठाऊक आहे का, ते विचारून पाहावे.

परत आल्यावर मी पुण्यातल्या आमच्या घरातली विजेची पेटी उघडली. आरसीसीबी होता. बारा वर्षांपूर्वी बसवलेला. ‘टी’ दाबले. काहीच झाले नाही. पुन्हा दाबले. दिवे तसेच जळत राहिले. बारा वर्षे आमचा पहारेकरी झोपला होता की जागा होता, कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावून नवा बसवला. आता प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहानंतर, मी ते बटण दाबतो. वीज जाते. सौभाग्यवती आतून ओरडतात, “मिक्सर चालू होता हो!” मी स्विच वर करतो. दादाचे नाव घेत नाही, पण आठवण होते.

आज रविवारच आहे. पुरवणी बाजूला ठेवून आधी एकदा आपल्या घरची पेटी उघडावी, अशी माझी विनंती आहे.