फुकट खेळाची किंमत

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ २००४ साली आला तेव्हा अमेरिकेत त्याची महिन्याची वर्गणी सुमारे १५ डॉलर होती; आजही तेवढीच आहे. आता त्यातही शोभेच्या वस्तूंचं दुकान आहे, पण मुख्य खर्च आधी कळतो आणि आईवडिलांना नाही म्हणता येतं. ‘फोर्टनाइट’ फुकट. पैसे मोजायचे पोशाखांना, नाचांना, तेही ‘व्ही-बक्स’ या खेळातल्या चलनात; खरे किती गेले हे पोराला उमगतच नाही. फसव्या बटणांमुळे नकळत खरेदी होते, या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सला ग्राहकांसाठी २४.५ कोटी डॉलर मोजायला लावले. मला वर्गणीच प्रामाणिक वाटते. ती न परवडणाऱ्या घरांची अडचण खरी आहे. म्हणून फुकट खेळ राहू देत, पण प्रत्येक खरेदीआधी खऱ्या चलनातली किंमत पडद्यावर दिसलीच पाहिजे.