सरावाचे गुण

"सर, सराव परीक्षाच आहे ना, द्या की चार गुण!" एका मुलाच्या अब्बांच्या आग्रहापुढे आम्ही नमलो. गणितात पोराला पास दाखवलं. बोर्डात तो गणितातच अडकला.

वाचकहो, सराव परीक्षा सैन्याचीही असते. शतरंजच्या पटातूनच जर्मनीत युद्धाचे खेळ निघाले. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइस्विट्झ या तरुण अधिकाऱ्याने खरे नकाशे, फासे आणि पंच असलेला खेळ सैन्यापुढे मांडला. पुढे अनेक देशांनी तो उचलला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या शिपायांसाठी नियमांचं पुस्तक लिहिलं आणि खेळ घराघरांत शिरला.

मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने 'यामातो' जहाजावर मिडवेच्या मोहिमेचा असाच सराव केला. फाशांनी नऊ बॉम्ब लागल्याचं दाखवलं. 'आकागी' आणि 'कागा' ही विमानवाहू जहाजं बुडाली. ॲडमिरल उगाकींनी नऊचे तीन केले. 'आकागी' वाचलं. बुडालेलं 'कागा'सुद्धा पुढच्या डावात परत आलं! जूनमधल्या खऱ्या लढाईत ही दोन्ही जहाजं गेली, सोबत आणखी दोन.

नकाशावर जहाज बुडालं तर माणूस मरत नाही. चूक मात्र दिसते. ती पुसली की सराव वाया गेला.

यंदा आम्ही गुण वाढवणार नाही. तुम्हीही सरावात नापास झालेल्या लेकराला रागावू नका. चुकलेलं गणित घेऊन त्याच्याजवळ बसा. बोर्डाला अजून वेळ आहे.