वृक्षतोडीच्या अर्जात राहून गेलेला रकाना

झाशीच्या जुन्या तटबंदीतील खंडेराव गेटापाशी दिवेलागणीला उभे राहून मान वर केली, तर मोठी वटवाघळे संथ पंख हलवत शहराबाहेर जाताना दिसतात. रात्री ती कुठे चरतात याचा अंदाज बागायतदारांना असतो. दिवसा ती कोणत्या झाडांवर लटकतात, याची नोंद मात्र आपल्या प्रशासनाला कधी आवश्यक वाटलेली नाही. या अनास्थेत माझाही वाटा आहे, म्हणून हा लेख.

सेवेत असताना एका जिल्ह्यात रस्तारुंदीकरणासाठी चिंचेच्या जुन्या रांगेच्या तोडीला मी मंजुरी दिली होती. प्रस्तावात झाडाची जात, बुंध्याचा घेर, लाकडाचे अंदाजित मूल्य, बदल्यात लावायच्या रोपांची संख्या असे सर्व रकाने भरलेले होते. तोड एप्रिलमध्ये झाली. पाहणीला गेलो तेव्हा कापलेल्या फांद्यांखाली वटवाघळांची पिल्ले पडली होती. त्यांतली काही जिवंत होती. त्यांचे काय करायचे, हे कंत्राटदाराला, वनरक्षकाला आणि मलाही माहीत नव्हते. ‘काम नियमानुसार झाले’ असा शेरा मी लिहिला. दुर्दैवाने तो खरा होता.

तो खरा का होता, हे समजून घेतले पाहिजे. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने फळे खाणाऱ्या वटवाघळांना पाचव्या अनुसूचीत, म्हणजे कावळे, उंदीर आणि घुशी यांच्या पंक्तीत, उपद्रवी प्राणी म्हणून बसवले. वसाहतकाळातील प्रशासन वन्य प्राण्यांची विभागणी शिकारीयोग्य आणि नष्ट करण्यायोग्य अशी करीत असे. त्या दृष्टीचा हा अवशेष स्वतंत्र भारताच्या कायद्यात पन्नास वर्षे टिकला. 2022 च्या दुरुस्तीने ही अनुसूची रद्द झाली, मोठ्या वटवाघळाला दुसऱ्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि 1 एप्रिल 2023 पासून हा बदल अमलात आला.

प्राणी संरक्षित झाला, पण त्याचे घर झाले नाही. याच कायद्याच्या कलम 2(16) मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे स्पष्टपणे येते. वटवाघूळ सस्तन आहे. ते अंडी घालत नाही, घरटेही बांधत नाही. फांदीला किंवा ढोलीत लटकते. त्यामुळे त्याचे वसतिस्थान या शब्दरचनेतून निसटते. सप्टेंबर 2022 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गासाठी झाड पाडताना पक्ष्यांची पिल्ले मेली, तेव्हा वनखात्याने वन्यजीव कायद्याखाली गुन्हा नोंदवला. त्याच झाडावरची वस्ती वटवाघळांची असती, तर घरट्यांविषयीच्या तरतुदीचा आधार मिळाला नसता.

वृक्षसंरक्षणाच्या कायद्यांतही ही उणीव भरून निघत नाही. महाराष्ट्राने 2021 मध्ये आपल्या 1975 च्या शहरी वृक्ष कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून मान्यता दिली. हे स्वागतार्ह पाऊल आहे. परंतु तेथेही झाडाचे मोल मुख्यतः त्याच्या वयावर ठरते. त्याच्या आश्रयाला कोण आहे, हा स्वतंत्र निकष नाही. बदल्यात दहा रोपे लावली तरी जुन्या वडाची सावली आणि ढोली कित्येक दशके मिळत नाही. मोठ्या वटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते. एका हंगामातील हानी भरून निघण्यास त्यामुळेच फार वेळ लागतो.

उत्तर भारतात तर सावली हाच जगण्या-मरण्याचा प्रश्न झाला आहे. मे 2020 मध्ये गोरखपूर जिल्ह्यातील बेलघाट येथे पन्नासहून अधिक वटवाघळे एकाएकी मेली. लोकांना साथीची धास्ती वाटली. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण निघाले ते उष्णतेचे. बुंदेलखंडाचा उन्हाळा त्याहून सौम्य नाही. आणि ज्या मोहाच्या फुलांवर व बियांवर या प्रदेशातील गरीब कुटुंबे अवलंबून असतात, त्या मोहाच्या परागीभवनात व बीजप्रसारात वटवाघळांचा हातभार आहे.

आक्षेप खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. फळबागांचे नुकसान होते. त्यावर जाळी आणि भरपाई हे उपाय आहेत. निपाहची भीतीही निराधार नाही. महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांत या विषाणूची प्रतिपिंडे आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने 2021 मध्ये जाहीर केले होते. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष वस्ती उधळून लावण्याचा नाही. हाकललेला थवा नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या वस्तीजवळ जाऊन बसतो. वटवाघळांपासून सुरक्षित अंतर राखायचे असेल, तर ती कुठे आहेत हे आधी ठाऊक असले पाहिजे.

ब्रिटनमध्ये 1981 च्या कायद्यापासून वटवाघळांचे वसतिस्थान, ते त्या वेळी रिकामे असले तरी, संरक्षित मानले जाते. तेथे जुने झाड तोडण्यापूर्वी ढोली तपासतात आणि गरज पडल्यास काम पुढे ढकलतात. आपणही स्थान नोंदले की ते जपू शकतो. खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहा एका दुर्मीळ वटवाघळासाठी ओळखली गेली आणि आज ती भीमगड अभयारण्यात सुरक्षित आहे. रस्त्याकडेच्या झाडाला अभयारण्य नको. त्याला चार साध्या गोष्टी पुरतील.

पहिली, कलम 2(16) मध्ये वटवाघळांच्या वसतिस्थानांचा समावेश करावा. दुसरी, तोडीच्या प्रत्येक अर्जात ‘वसतिस्थान आहे काय’ हा रकाना असावा आणि तो सायंकाळच्या प्रत्यक्ष पाहणीनंतरच भरला जावा. तिसरी, मैदानी प्रदेशात पिल्लांच्या काळात, साधारणपणे फेब्रुवारी ते जून, अशा झाडांची तोड थांबवावी. हिमालयीन राज्यांत काही कीटकभक्षी जाती शीतनिद्रेत जातात आणि अवेळी जाग आल्यास साठवलेली चरबी संपून मरू शकतात, म्हणून तेथे हा निर्बंध हिवाळ्यात हवा. जीविताला धोका असलेल्या झाडांचा अपवाद करावा, पण तेव्हाही ढोलीचा भाग दोरांनी हळूच उतरवून रात्रभर तसाच ठेवावा. चौथी, 2002 च्या जैवविविधता कायद्याखालील स्थानिक समित्यांनी आपल्या लोकजैवविविधता नोंदवहीत ही झाडे लिहून काढावीत. बिहारमधील वैशाली जिल्ह्यातील सरसई गाव आपल्या वटवाघळांना रक्षक मानते. अशा गावांना ही नोंद शिकवावी लागणार नाही.

यासाठी नवा विभाग किंवा मोठा निधी लागत नाही. माझ्यासमोर आलेल्या त्या प्रस्तावात हा रकाना असता, तर रस्ता अडला नसता. तोड फार तर तीन महिने पुढे गेली असती, आणि तेवढा उशीर त्या रस्त्याला नक्कीच परवडला असता.