मेक्सिकोचे चॉकलेट आणि घरची रवी

मल्लेश्वरममध्ये दिवस उजाडतो तो फिल्टर कॉफीच्या वासाने. संपिगे रोडच्या उपाहारगृहांत हातभर उंचीवरून या भांड्यातून त्या भांड्यात ओतून कॉफीवर फेस आणलेला दिसतो. अशा कॉफीबाज वस्तीत गरम चॉकलेटचे नाव काढणे धाडसाचेच. पण डिसेंबर-जानेवारीच्या गार संध्याकाळी मुलांनाही काही वाफाळते हवे असते आणि मग डब्यातली ड्रिंकिंग चॉकलेटची पावडर दुधात कालवली जाते. त्या पावडरीत बहुधा कोकोपेक्षा साखरच जास्त असते. डब्यावरची घटकांची यादी एकदा वाचून पाहावी.

मेक्सिकोत, विशेषतः वाहाका प्रांतात, भाजलेले कोकोचे दाणे, दालचिनी, साखर आणि कधी बदाम एकत्र वाटून त्याच्या वड्या करतात. पूर्वी हे वाटण पाट्यासारख्या दगडावर होई. वडी गरम पाण्यात किंवा दुधात विरघळवायची आणि भरपूर फेस येईपर्यंत घुसळायची. फेस नसेल तर ते चॉकलेटच नव्हे, असे तिथले जाणकार मानतात. घुसळायला ‘मोलिनीयो’ नावाची लाकडी दांडी असते. खाली कोरलेला गोंडा, वर दोन तळव्यांत धरून फिरवायची मूठ. म्हणजे आपली रवीच की! कानडी घरांत तिला कडगोलु म्हणतात. उडुपीच्या श्रीकृष्णाच्या हातात तीच आहे. मोलिनीयो स्पॅनिश काळातला. त्याआधी तिथले लोक उंचावरून ओतूनच फेस आणत, अगदी मल्लेश्वरमच्या कॉफीसारखा!

कोकोसाठीही फार लांब जायला नको. दक्षिण कन्नड जिल्ह्यात सुपारीच्या बागांत कोकोचे आंतरपीक घेतात. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅम्पको’ या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने १९८६ मध्ये पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना काढला.

चार लहान कपांसाठी तीन कप दूध, एक कप पाणी, चार सपाट मोठे चमचे बिनसाखरेची कोको पावडर, तेवढीच साखर, दहा बदाम, दोन इंच दालचिनी आणि चिमूटभर मीठ घ्यावे. दालचिनी पातळ, अनेक पदरांची, बोटांनी चुरडेल अशी हवी. मेक्सिकोत हीच श्रीलंकेची दालचिनी वापरतात. आपल्याकडे पुष्कळदा मिळते ती जाड साल उग्र असते. तीच असेल तर निम्मी घालावी.

बदाम भिजवून, सोलून अगदी मऊ वाटावेत. कोको पावडरीतले स्निग्ध बरेचसे काढून घेतलेले असते. त्याची उणीव बदाम भरून काढतात. पाण्यात दालचिनी घालून पाच मिनिटे उकळावी. कोको, साखर आणि मीठ थोड्या गार दुधात कालवून गुठळ्या मोडाव्यात. एकदम गरम दुधात टाकल्यास पावडर वर तरंगत राहते. मग हे मिश्रण, बदाम आणि उरलेले दूध दालचिनीच्या पाण्यात घालून मंद आचेवर ढवळावे. उकळी फुटू लागताच उतरवून दालचिनी काढावी व उभट पातेल्यात तीन-चार मिनिटे रवीने घुसळावे. पातेले अर्धेच भरावे, नाहीतर गरम दूध हातावर उडेल.

ताकाची रवी मात्र वापरू नये. लाकडात आंबटपणा मुरलेला असतो, त्याने दूध फाटू शकते. वेगळी छोटी रवी ठेवावी. गूळ आवडत असेल तर तोही उतरवल्यानंतरच घालावा.

मिरची? मेक्सिकोच्या चॉकलेटात ती हवीच, असा समज आहे. प्राचीन काळी घालत हे खरे, पण आज तिथल्या अनेक घरांत ती नसते. हौस असेल तर ब्याडगीची चिमूटभर पूड मोठ्यांच्या कपात घालावी. मिरची आपल्याकडे आली तीही त्याच मुलखातून, पोर्तुगीजांच्या जहाजांतून!

कोकोतही थोडे कॅफीन असते. म्हणून मुलांना अर्धाच कप द्यावा आणि झोपायच्या वेळी तर नकोच. मेक्सिकोत गोड पाव बुडवून खातात. इथे अय्यंगार बेकरीतला बन उत्तम. उरलेले चॉकलेट फ्रिजमध्ये घट्ट होते. दुसऱ्या दिवशी थोडे दूध घालून गरम करावे आणि पुन्हा घुसळावे.